पंपवाल्याची वही

चौथ्या मजल्यावर आमची चार टेबलं.
माझ्याकडे तारखा, सबनीसांकडे पैसे.
शलाकाकडे धोके, लाल पिवळे हिरवे,
आणि खिडकीशी शहाबुद्दीन,
झालेलं काम मीटरमीटरने मोजणारा.
मधे पाण्याचा फिल्टर.
तिथेच काय ती आमची गाठ.

माझगावच्या शाफ्टपासून शिवडीकडे
पिण्याच्या पाण्याचा बोगदा चाललाय.
वर लोक बोंबील निवडतात, शाळेच्या फिया भरतात,
खाली काय चाललंय कुणाला पत्ता नाही.
असंच असावं, म्हणतात साहेब.

मार्चअखेरची बैठक.
मी म्हटलं, एकोणीस दिवस मागे आहोत.
सबनीस म्हणाले, पैसा मात्र पुढे पळतोय.
शलाकाच्या तक्त्यात 'भूजल' हिरवं होतं,
म्हणजे मागच्या दिवाळीत ठरवलेलं हिरवं.
शहाबुद्दीन म्हणाला, बासष्ट टक्के.
कशाचे बासष्ट, हे कुणी विचारलं नाही.
चौघंही खरं बोलत होतो.
तेच वाईट.

एका सहीसाठी शाफ्टवर गेले.
कठड्यापाशी बस्त्याव घोन्साल्विस, पंपवाला, वसईचा,
मांडीवर शाळेची दोनशे पानी वही,
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे.
मी सहज डोकावले.

*ता. ११ जाने. डिझेल ९० लि. पाणी घोट्यापर्यंत. मशीन बंद २ तास. उजवी भिंत रडते.*
*ता. १२. डिझेल १२० लि. पाणी ढोपरापर्यंत. बंद ४ तास. भिंत जास्त रडते. सांगितलं.*

पुढे पानंच्या पानं.
सांगितलं. सांगितलं. सांगितलं.

कुणाला सांगितलंस?
"येतील त्यांना. कोणी तारीख उतरवून नेली,
कोणी डिझेल. कोणी फोटो काढला.
अख्खी ओळ कोणी नेली नाय, बाय."

त्या रात्री फिल्टर बाजूला सरकवून
चार टेबलं एकमेकांना लावली.
शहाबुद्दीन वही वाचत गेला, आम्ही आपापल्या रकान्यात शोधत गेलो.
डिझेल सापडलं सबनीसांच्या 'किरकोळ'मध्ये,
अकरा लाख किरकोळ.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घालायचं विसरले.
बंद तासांची बेरीज केली
तर माझेच एकोणीस दिवस निघाले, जरा वरच.
बासष्ट टक्के खणून झालेत, शहाबुद्दीन हळूच म्हणाला,
अस्तर त्यात धरलेलंच नाही,
ओल्या भिंतीवर ते बसणार कसं?
शलाका काही बोलली नाही.
तिने एक चौकोन लाल केला
आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली,
उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

सकाळी साहेबांनी विचारलं,
"कालपर्यंत तर हिरवं होतं ना?"
काल होतंच कुठे, साहेब,
चार वेगवेगळे काल होते.
हे मी म्हटलं नाही.
मी म्हटलं, अकरा आठवडे लागतील,
आणि आकड्याखाली सबनीसांनी त्याची किंमत लिहिली.
अकरा आठवड्यांवर
इतक्या शांतपणे कुणी ओरडलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता भिंतीत सिमेंट भरताहेत.
पडद्यावर आमचं सगळं एका ओळीत दिसतं,
शेवटी 'शेरा' नावाचा रिकामा रकाना,
तो भरल्याशिवाय ओळ पुढे जात नाही.
ही कल्पना माझी, असं कौतुक झालं.
मी गप्प राहिले, तेही इथे नोंदवते.

संध्याकाळी शाफ्टवरून फोन.
"बाय, माझी वही तुझ्याकडेच राहिली.
पाठवून दे.
आजचं लिहायचंय अजून."