उत्तरेची खिडकी

घर बांधायच्या आधी ताइवोनं
सारेमा बेटावरच्या त्या माळात नुसती एक काठी रोवली.
वर्षभर, भर दुपारी,
सावलीच्या टोकाला दगड ठेवत गेला.
डिसेंबरचा दगड पार कुंपणापलीकडे,
शेजाऱ्याच्या शेतात.

मग ठरलं: छप्पर उभट, बर्फ आपसूक घसरेल असं.
धुराडं मागं सरकलं.
आढ्यापासून वळचणीपर्यंत
दक्षिण सगळी पॅनेलांची.

मिर्तेलला माळ्यावर खिडकी हवी होती,
समुद्राकडची. म्हणजे दक्षिणेचीच.
दोनच पॅनेलं कमी होतील, बाबा.
त्यानं कागदावर आकडे मांडले.
ती जेवून उठली.

खिडकी झाली उत्तरेला.

आता ती तार्तूला शिकते.
मे महिन्यात वीज उरते, विकावी लागते.
तो माळ्यावर जाऊन बसतो,
दिवा न लावता.
तिथून दिसतो
शेजाऱ्यानं नांगरताना
वळसा घालून राखलेला
डिसेंबरचा दगड.