एकोणिसाव्या वळणावर

एवांथियाबाईंनी आधीच कळवलं होतं:
गाडी आणू नका. आमच्या गावात
ती वळवायला जागा नाही
आणि उभी करायला मन नाही.

म्हणून बसनं खाली उतरवलं, पुलापाशी.
पुढे एपिरसचा डोंगर, मध्येच उसवलेला,
आणि कुणीतरी धावदोरा घालून शिवावा
तशा त्यावर दगडी पायऱ्या,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
खेचरांच्या नालांनी प्रत्येकीची कड गोल झालेली.
ह्याच वाटेनं मीठ वर गेलं, चीज खाली आलं,
नवऱ्या वर गेल्या,
आणि मुलं एकेक बोचकं घेऊन खाली, जर्मनीला.

अठरा वळणं मी शहाण्यासारखा चढलो.
एकोणिसाव्याला कंटाळलो.
वरची पायरी हाकेच्या अंतरावर,
मध्ये नुसतं गवत, आणि त्यात
कुणाकुणाच्या बुटांनी पाडलेली पांढुरकी रेघ.
चार ढांगा.
तीन टाकल्या.

वर एक म्हातारा उकिडवा बसलेला. हातात हातोडी.
रागावला नाही.
नुसतं पाहिलं, गवंडी ओळंब्याकडे पाहतो तसं.

"तू एकदाच आलास इथून," स्तेर्यॉस म्हणाला,
अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी.
"सगळे एकदाच येतात.
मग पाऊस येतो. त्यालाही वळणं आवडत नाहीत.
तो तुझ्या बुटाचा माग काढत उतरतो
आणि जाताना माझ्या आजोबांच्या
तीन पायऱ्या घेऊन जातो."

मी सॉरी म्हटलं.
हा शब्द तिथेही चालतो,
पण त्यानं दगड बसत नाही.

त्यानं बोटानं खाली दाखवला एक,
घरंगळलेला, कलिंगडाएवढा.
तो मी आणला. छातीशी धरून, वळणावरून.
येईतो आमची बऱ्यापैकी ओळख झाली.
स्तेर्यॉसनं तो फिरवला, उलटा केला,
पुन्हा फिरवला. चुना नाही, सिमेंट नाही.
"लांब बाजू आत जाते, डोंगरात," म्हणाला.
"बाहेर दिसतं ते थोडंच."

मला सांगायचं होतं त्याला
की माझ्या भाषेत वाट लावणं म्हणजे नासधूस,
आणि तू तर खरोखरच वाट लावत बसलायस,
एकेक पायरी, सत्तरीच्या गुडघ्यांनी.
दोघांचंही इंग्रजी तोकडं.
राहून गेलं.

गावात अकरा घरांतून धूर.
एवांथियाबाईंनी खाजकुइलीच्या, छे, खाजोटीच्या
कुठल्यातरी पाल्याची पोळी वाढली,
चीज शेजारणीचं, मध चुलतभावाचा.
तीन रात्री, एकच चादर.
बाटली झऱ्यावर भरायची,
पेला धुऊन पालथा घालायचा, पुढच्यासाठी.
निघताना त्यांनी पैशांचे दोन भाग केले.
एक खिशात. एक डब्यात,
स्तेर्यॉसच्या नावाचा.

उतरताना माझा दगड शोधला.
सापडला नाही. सगळे सारखेच दिसत होते.
बरं वाटलं.

एकोणिसाव्या वळणाखाली दोघं येत होते,
तरुण, धापा टाकत,
नजर त्या रेघेवर.
उपदेश करायचं माझं तोंड नव्हतं.
मी रेघेच्या मधोमध बसकण मारली,
दमल्यासारखी,
आणि एवांथियाबाईंनी दिलेले अक्रोड फोडत राहिलो.
दोघं हसले, कालिमेरा म्हणाले,
वळसा घालून गेले.
त्यांच्यामागे आणखी पाच जण.

दुपारची बस गेली.
संध्याकाळची येईपर्यंत
तिथेच बसून
वाट पाहिली.