लाल दोरा

फेगडे मसाल्याच्या कॉन्फरन्स रूममध्ये
एसी चालू, तरी सगळ्यांना शिंका.
खालून मिरचीचा खकाणा जिन्याने वर येतो,
त्याला कोणी मीटिंगला बोलावलेलं नसतं.

मी पडद्यासमोर. सव्विसावी स्लाइड: 'ग्राहकाशी नातं'.
पुण्याच्या एका हॉटेलात, दोन दिवसांच्या शिबिरात,
चहा-बिस्किटांसकट शिकून आलेले शब्द.
मुरलीशेठ पेनाच्या टोपणाने कान कोरत म्हणाले,
"नातं राहू दे. यावलच्या बाजारात
आपला माल का उठत नाही, ते पाहून ये."

बांगड्यांच्या दुकानापुढे, पोत्यावर, जैतून तडवी.
पाटी नाही, नाव नाही, हसऱ्या बाईचा फोटो नाही.
साध्या पिशव्या, तोंडाशी दोरा बांधलेला.
पांढरा दोरा लेकराबाळांच्या घरचा.
लाल, केळीचे घड दिवसभर खांद्यावर वाहणाऱ्यांचा.
आणि दोन लाल?
"ते माह्या दिराले लागते. अन् एक फौजदार होता,
त्याची बदली झाली."

विचारलं, ही कल्पना कोणाची?
कल्पना हा शब्द तिला कळला नाही असं नाही.
तिला प्रश्न कळला नाही.
"सातपुड्यातून बाया येतात खाली. वाचता येत नाही त्यायले.
मले तरी कुठं येते."

वहीत लिहिलं: वापरकर्ता-केंद्री रचना.
खोडलं.
पुन्हा लिहिलं. पगार त्याचाच मिळतो.

त्या दिवशी सगळ्याच पिशव्यांना पांढरे दोरे.
लाल तिच्या मांडीवर, गुंता होऊन पडलेले.
मला तिखट हवा होता.
"आज नको नेऊ, भाऊ. मिरची फिकी निघाली.
पुढच्या बाजारले ये."

बावीस वर्षं पाकिटांवर लिहितोय मी.
'फिकी' हा शब्द एकदाही छापलेला नाही.
'सौम्य' छापलाय, 'संतुलित', 'सर्व वयोगटांसाठी'.
एकदा खोबरं करपलं,
काळा मसाला हवा त्याहून काळा झाला,
तर मी लिहिलं: 'धुरकट पारंपरिक चव'.
तो घाणा संपला तरी लोक तेच मागत राहिले.
हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

परत येऊन सगळं सांगितलं.
मुरलीशेठना पटलं, इथंच बिघडलं.
दोरा बांधायला बाया लावायच्या तर पाकिटामागे साठ पैसे,
छापायचा तर पाच.
छापला.
उजव्या कोपऱ्यात, सोनेरी कडेचा, सुबक गाठीचा, लालभडक.
सगळ्या पाकिटांवर.
तिखट, फिका, मागच्या दिवाळीचा उरलेला, सगळ्यांवर.
नाशिकला त्याला बक्षीस मिळालं.
ट्रॉफी शोकेसमध्ये आहे, बायको दर रविवारी पुसते,
मी नको म्हणतो.

पाकीट घेऊन पुन्हा यावलला गेलो.
का गेलो, नीट सांगता येणार नाही.
जैतूनने ते उलटंपालटं केलं,
गाठ नखाने खरवडली, एकदा, दोनदा.
थोडी सोनेरी पूड नखात आली.
"सुटत नाही," म्हणाली.
मग शेजारच्या लसूणवालीला, भाव सांगावा तसं मोठ्याने:
"हे पाय वं, चित्र हाये."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.
वाऱ्याने पोत्याचा कोपरा उडत होता,
त्यावर तिने आमचं पाकीट ठेवलं. वजन बरोबर होतं,
निव्वळ दोनशे ग्रॅम.

मी तिथंच उभा.
तिच्या पाठीमागे, टोपल्याखाली झाकलेली,
दोन लाल दोऱ्यांची एक पिशवी दिसली.
हात पुढे केला तर म्हणाली,
"ते इकायचं नाही.
फौजदार सुटीले येतो म्हने."