दुतोंडी

चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलो,
आता गरुडांच्या चोचीत डोकावतो.
हत्यारं तीच. आकडी, छोटा आरसा, बारीक ब्रश.
पिसांच्या खाचेतला हिरवा गंज
दाढेतल्या किडीसारखाच निघतो,
फक्त पितळ ओरडत नाही.

फळीवर सतरा आहेत.
झेंडे विरले, काठ्या कुणाकुणाच्या चुलीत गेल्या,
उरले हे टोकावरचे कळस.
प्रत्येकाच्या बुडाशी पोकळ नळी,
तिच्यात करंगळी घातली की
कधी लाकडाचा भुगा लागतो, कधी मेण,
एकदा एक वाळलेली गांधीलमाशी.
पलटणींची नावं वहीत लिहितो. पेन्सिलीनं,
कारण निम्मी खोटी निघतात.

अठरावा सान नदीपलीकडे सापडला,
सेवेरिनाबाईंच्या परसात,
घेवड्याच्या काठीवर.
दुतोंडी गरुड, पण उजवी मान गायब.
भाव पाडायला मी म्हटलं, "मोडका आहे."
"मोडका कसला? कापलाय.
माझ्या वडिलांनी. अठरा सालच्या नोव्हेंबरात,
खिडकीला पोतं लावून, रात्रभर कानस घेऊन.
सम्राटाच्या गरुडाला दोन डोकी, आमच्याला एक.
सकाळी देश नवा होणार होता
आणि घरात नवं पितळ नव्हतं."

मग किंमत सांगितली.
मी निमूट मोजली.
बाईंनी उघड्या काठीवर
टवका उडालेला मग पालथा घातला.

आता तो माझ्या दिव्याखाली.
कानशीचे ओरखडे आडवे, घाईचे,
एका जागी हात सटकून थेट छातीवर गेलेला.
(माझाही जायचा, पहिल्या वर्षी.)
पंजात मात्र सम्राटाचा राजगोल तसाच.
तिथवर येईतो बहुधा उजाडलं.

क्राकूवचा व्यापारी गेरवाझी म्हणतो,
दुसरं डोकं ओतून देतो, सांधा दिसणार नाही,
चौपट येतील.
असेलही. जन्मभर मी तेच केलं,
पडलेल्या जागी हुबेहूब बसवत आलो,
आणि लोक आरशात बघून हसले.

त्याला अजून कळवलेलं नाही.
अंगठा त्या कापलेल्या जागेवर ठेवतो,
ती थंड असते, मग जरा वेळानं नसते.

उरलेल्या चोचीत
घेवड्याच्या वेलाचा एक वाळका तंतू अडकलाय.
तेवढा काढावा का,
हे आठवडाभर ठरत नाही.