अर्धा किलो, जवळून

मुनीर घड्याळजीनं दिग्रसच्या बाजारातलं टेबल मोडलं
तेव्हा डोळ्याला लावायचं भिंग मला दिलं.
"घे बाप्पा. आता घड्याळ मेलं का लोक फेकून देतात."
मी ते रबरानं मोबाइलला बांधलं
आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना
माझंच दुकान टिपायला लागलो.

पहिला महिना नुसतं धुकं.
मिठाचा खडा, धुकं. काडेपेटीतली काडी, धुकं.
फार जवळ गेलो की माझ्याच डोक्याची सावली
वस्तूवर पडायची.
मुनीर म्हणाला, "भिंग नोको हालवू, तू हाल.
तांदळाच्या दाण्याएवढा पुढं, तेवढाच मागं.
अन् श्वास सोडून झाल्यावर जे रिकामं राह्यते ना,
तेवढ्यात बटन दाब."
चाळीस वर्षं त्या रिकाम्या जागेत
तो बारीक चाकं बसवत आला होता.

मग दिसायला लागलं.
जवसाच्या एका बीवर अख्ख्या दाराचा उजेड.
सुतळीला फुटलेली लव.
साबणाच्या वडीत रुतलेला केस,
कोणाचा, कळत नाही.
तेलाच्या डब्याचं झाकण घासून
उजेड वळवायला ठेवलं, तर बायको म्हणाली,
"वीस वर्षांत माह्याकडे असं वाकून नाही पाह्यलं."
मी तिच्या बांगडीवरचा ओरखडा टिपायला गेलो.
तिनं हात काढून घेतला. भाकर करपत होती.

परवा काउंटरखालून बाबांचं वजन काढलं.
बिडाचं, अर्धा किलो, कडांना तेलकट मळ.
इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून
ते रद्दीवर दाबण म्हणून असतं.
उलटं केलं.
बुडाशी शिसं भरलेलं, त्यावर सरकारी शिक्का,
आणि शिक्क्याशेजारी खड्डा.
थोडा थोडा, घाई न करता कोरलेला.
सगळे ओरखडे उजवीकडं झुकलेले.
बाबा डावखुरे होते.

या भिंगात स्पष्ट पट्टी केसाएवढीच मिळते.
ती शिक्क्यावर ठेवली तर खड्डा धुक्यात जातो,
खड्ड्यावर ठेवली तर शिक्का.
श्वास सोडला. रिकामी जागा आली, गेली.
पुन्हा सोडला.
तिसऱ्या खेपेला बटन दाबलं.
शिक्का धुक्यात गेला.

तेवढ्यात पर्बताबाई आली, अर्धा किलो मुगाची डाळ मागत.
सगळ्यांना ओळखायला लावतो
तसा तिच्यापुढं मोबाइल धरला.
लोक काहीही सांगतात: चंद्र, विहीर, उंदराचं बीळ.
तिनं हात लांब करून पाहिलं.
"तुह्या बापाचं वजन व्हय हे."
भोक माहीत होतं?
"भोक कोणं पाह्यलं बाप्पा?
आमची डाळ दोन दिस आधी सरे."

आणि पिशवी उघडून उभी राहिली.
मी डाळ ओतत राहिलो.
पाचशे. पाचशे दहा. पाचशे चाळीस.
"बस कर," ती म्हणाली,
"पिशवी जुनी हाये, फाटन."