शबनम लाँचीतला डालडाचा डबा

साहेबांनी लाँचीचं नाव ठेवलं शबनम.
शबनम म्हणजे दव, हे मला फार उशिरा कळलं.
तोवर मी आठ वर्षं दवाच्या पोटात
कोरडेपणा सांभाळत होते.

येलदरीचं पाणी तेव्हा नवंच.
बुडालेल्या बाभळींचे शेंडे अजून वर दिसायचे
आणि बाप, पुंजाजी भोई,
त्यांच्यातून लाँच काढायचा
विंचरताना गुंता चुकवावा तशी.

काडतुसं कागदाची. लाल, बूड पितळेचं.
कागद हवा पितो, म्हणायचा बाप,
फुगतो, मग नळीत शिरत नाही.
म्हणून डबा डालडाचा,
झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी,
आत फडक्यात बांधलेली भाजकी ज्वारी.
मीठ नको. मीठ ओल ओढतं, पण पितळही खातं.
डबा इंजिनाजवळ नको, तळाशी तर मुळीच नको,
तिथं कितीही उपसा, बोटभर पाणी असतंच.
पुढच्या फळीखाली, गोधडीच्या तुकड्यात,
बंदुकीपासून चार हात लांब.
"त्या दोघांची गाठ साहेबांनी घालायची. आपण नाही."

अवसेला ज्वारी बदलायची, जुनी कोंबड्यांना.
आई म्हणायची, आता अंडी फुटायची नाहीत, उडायची.

निवडायचं काम माझं, बोटं बारीक म्हणून.
कापलेल्या नळाची एक कडी होती.
काडतूस तिच्यातून सरळ गेलं तर चांगलं,
अडलं तर बाजूला.
तोंडाशी पोपडा धरलेलं, बुडाला हिरवं चढलेलं,
तेही बाजूला, बिस्किटाच्या डब्यात,
पण टाकायचं नाही. सरकारी वही असते.
चार नंबर मोठ्या पक्ष्याला, सहा नंबर बदकाला.
एलजी लाँचीत चढूच द्यायचं नाही,
पाण्यावर मोठा छर्रा ठिकरीसारखा टप्पे खात जातो
आणि पलीकडच्या काठाला बायका धुणं धूत असतात.

मार्गशीर्षात ते यायचे,
डोक्यावर मागून दोन काळ्या पट्ट्या असलेले,
रात्री हरभऱ्यात, दिवसा पाण्यात.
साहेब पहाटे मफलर गुंडाळून यायचे, विचारायचे,
"पुंजाजी, सूखी हैं?"
"सूखी, साब."
लाँच जायची. ऊन चढल्यावर यायची.
मग साहेब काठावर बसून वहीत उर्दूत काही लिहायचे,
आणि जिंतूरहून आलेल्या पाहुण्यांना
ताटावर सांगायचे, आजही चुकला.
पाहुणे हसायचे. साहेबही.

साहेब गेले त्या उन्हाळ्यात
जमादार घुगे पंचनाम्याला आले.
बंदूक मिळाली, परवाना मिळाला, वही मिळाली.
वही वाचायला कादरी मास्तरांना बोलावलं.
आणली पन्नास.
मग तारीख. एक चलाया, खाली गया.
तारीख. एक चलाया, खाली गया.
मास्तर पानं उलटत गेले, आवाज बारीक होत गेला.
सत्तावीस वेळा.

म्हणजे तेवीस पाहिजेत, घुगे म्हणाले.
मी डबा उघडला. एकतीस.
मग बिस्किटाचा डबा. एकोणीस.
घुग्यांनी पुन्हा मोजली, लाँचीच्या फळीवर पाचापाचाने मांडून.
पन्नास.
कमी भरली असती तर कलम होतं.
जास्तीला कोणतं लावायचं,
ते त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर पाण्याकडे बघत होते.

"पुंजाजी, तू तर बरोबर असायचास.
बार ऐकलास का कधी?"

बाप सुकाणूवरची धूळ पुसत राहिला.
"इंजिनाचा आवाज लई व्हता, साहेब," म्हणाला.

डबे घुगे घेऊन गेले. ज्वारीचं फडकंसुद्धा.
कडी माझ्याकडे राहिली,
तिची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.
परवा अशीच अंगठ्यात घातली, तर सांध्याशी अडली.
हवा प्यायलाय.
मी अंगठा बाजूला ठेवला, मांडीवर,
टाकायचं नाही म्हणून.