झडती

छापखान्याच्या गेटवर रोज बाबांची झडती व्हायची.
खिसे उलटे, चपला बाजूला, डबा उघडून.
कोरा कागदसुद्धा बाहेर जाता कामा नये.
बाबा म्हणायचे, लाखांनी नोटा हाताखालून जातात, वैजू,
आणि सुटी झाली की हात पुसून घरी यायचं.

दुसरी झडती जेलरोडला, आमच्या दारात.
ती माझ्याकडे होती.

भोंगा झाला की आई कणीक मळायला घ्यायची
घड्याळाकडे पाठ करून.
सहाला सायकल आली तर काही नाही.
साडेसातला आली, तर आई नुसती मान हलवायची
आणि मी धावत सुटायचे,
"बाबा आले!" म्हणून कमरेला मिठी,
नाक थेट शर्टात.

शाई. घाम. चेनचं वंगण. तंबाखू.
आणि त्याच्या खाली, असला तर, तो.
बाटलीवर संत्र्याचं चित्र असायचं.
संत्र्याला असा वास नसतो,
हे मला संत्रं खाण्याआधी कळलं.

मग पाणी आणायच्या निमित्तानं आत.
बोलायचं नाही काही.
ओट्यावर तांब्या उपडा ठेवला, तर आहे.
सरळ ठेवला, तर नाही.
उपडा असला की धाकट्या सुहासला
कोठुळेकाकूंकडे टीव्ही बघायला धाडलं जायचं,
विळी माळ्यावर जायची,
रेडिओ थोडा मोठा व्हायचा.

बाबा गल्लीभर सांगायचे, पोरीचा फार जीव माझ्यावर,
दारातच गळ्यात पडते.
घेतलेली असली की दोनदा सांगायचे.

होताच ना जीव.
हे कुणाला समजावून सांगता येत नाही.

एकदाच खोटं केलं.
मेन रोडवरून कंपासपेटी आणली होती त्यांनी,
झाकणावर हत्ती.
मी तांब्या सरळ ठेवला.
आईच्या डाव्या मनगटाला
अजूनही थंडी सगळ्यांच्या आधी कळते.

आता गंगापूर धरणाच्या अंगाला एका वायनरीत असते मी.
पांढऱ्या कापडावर बारा ग्लास.
हुंगायचं, जिभेवर फिरवायचं,
स्टीलच्या बादलीत थुंकायचं.
लिहायचं: पेरू, ओली माती, किंचित धूर.
शनिवारी पाहुणे येतात, विचारतात,
नाक कुठं तयार केलंत?
मी म्हणते, घरीच.
ते हसतात. मीही हसते, पगार त्याचाही असतो.

बाबांनी सोडली, त्याला दिवाळीत नऊ वर्षं होतील.
कशी सोडली ते त्यांनी सांगितलं नाही,
डॉक्टरांनी जे सांगितलं ते आईनं अर्धंच ऐकलं.
मी येताना कामावरचे कपडे पिशवीत कोंबते,
नळावर कोपरापर्यंत हात धुते,
तरी केसांत राहतोच पिंपांचा वास.

परवा घाईत तशीच गेले.
बाबा दारातच होते, लुंगीवर, वाळलेले.
जवळ आले. थांबले.
नाकपुड्या हलल्या एवढंच.
म्हटलं, आता आत वळतील.

ते वळले नाहीत.
चपला काढून बाजूला सारल्या,
दोन्ही हात खांद्याएवढे उचलले
आणि उभे राहिले,
गेटवर उभे राहायचे तसे.

"घे," म्हणाले, "बघ."

आत कुठंतरी आईनं
नळ बंद केला.